आधी माझं सांग

नसीम, वादविवाद क्लबचं नवीन सत्र सुरू झालं. तुझ्याशिवायचं पहिलं. खोली बुक केली, पंखे-दिवे तपासले, हीटर मागवला, आणि नेहमीप्रमाणे हीटर आला तो सगळे उठत असताना. डबाही भरून नेला. तुझ्या भावाला मिरजेला फोन करून भडंग मागवायला मला जमलं नाही, म्हणून इथे दिल्लीतच, द्वारकेच्या बाजारातून मुरमुरे आणून घरीच केलं. लसूण जास्त पडला. पोरांनी खाल्लं, पण साहिल म्हणाला, "मैम, वो वाली बात नहीं है." मी म्हटलं, वो वाली बात आता येणार नाही, हेच खा.

मी लिहिणाऱ्यांपैकी नाही हे तुला माहीत आहे. विद्यार्थी कल्याण विभागात बसून मी जे लिहिते त्याच्या शेवटी सही आणि शिक्का असतो. खोल्या, बस, रेल्वेची तिकिटं, आणि शेवटच्या वर्षाची पोरं रांग लावून येतात तेव्हा त्यांची प्रमाणपत्रं, एवढाच माझ्या लेखनाचा आवाका. पण आपला एक वाद अर्धा राहिला आहे. तो फोनवर मिटवायची सोय आता उरलेली नाही. म्हणून हे.

तू आणि मी एकाच सोसायटीत राहत होतो, एकाच विद्यापीठात जात होतो आणि तरी बराच काळ एकमेकींना ओळखत नव्हतो. तू राज्यशास्त्र शिकवणारी, मी ऑफिसची. आपल्याकडे हे दोन वेगळे देश आहेत. मग एका सकाळी लिफ्टमध्ये मी फोनवर आधी गॅसवाल्याला हिंदीत आणि लगेच नवऱ्याला मराठीत झापत होते, आणि कोपऱ्यातून एक बाई शांतपणे म्हणाली, "दोघांनाही एकाच भाषेत बोलला असता तर त्यांना एकमेकांचं दुःख तरी कळलं असतं की." मी वळून बघितलं. ढगळ स्वेटर, खांद्यावर कापडी पिशवी, पायात मोजे आणि त्यावर चपला. मला ते मोजे आधी दिसले आणि माणूस नंतर. खाली उतरेपर्यंत कळलं की आपली वाट एकच आहे. दुसऱ्या दिवसापासून तू माझ्या गाडीत डावीकडे बसायला लागलीस.

तुला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. दोघींनी चालवली तर भांडणार कोण, असं तुझं म्हणणं. पेरू खायचीस, त्याचं मीठ सांडायचीस, भडंग तर रोजचं. मी ओरडले की एकच उत्तर, "असू दे की." गेल्या महिन्यात गाडी धुवायला काढली तेव्हा डावीकडच्या सीटखालून शेंगदाणे, मुरमुरे, पेरूच्या बिया असं बरंच निघालं. सगळं व्हॅक्यूम लावून साफ केलं. जपून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सीट मात्र तू मागे सरकवून ठेवायचीस तशीच राहिली आहे, कारण ती पुढे घेण्याचं काही कारण नाही.

जानेवारीतले आपले प्रवास आठवतात. हरियाणाच्या हद्दीत शिरलो की धुक्यात बोनेटच्या पुढचं दिसायचं नाही. मी तुला काच खाली करून डावीकडची पांढरी पट्टी बघायला लावायचे. डोक्याला शाल गुंडाळून तू मान बाहेर काढायचीस आणि त्याच अवस्थेत वाद चालू ठेवायचीस. "ट्रक उभा आहे. हळू. अजून हळू. आणि तुझा दुसरा मुद्दा चूक आहे." मला वाटतं त्या रस्त्यावर तुझ्याइतकं थंड नाक घेऊन कुणी लोकशाहीबद्दल बोललं नसेल.

क्लबमध्ये तुझा नियम एकच होता. उत्तर द्यायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि ते इतकं नीट की त्याने स्वतः कबूल केलं पाहिजे, हेच मला म्हणायचं होतं. त्याने "हेच" म्हटलं की आपली पाळी. नाही म्हटलं तर पुन्हा सांगायचं. तरीही नाही जमलं तर गुपचूप खाली बसायचं. खरं तर "यही" चाललं असतं. पण सुरुवातीच्या दिवसांत कधी तरी तुझ्या तोंडून मराठीत निघून गेलं आणि पोरांनी तो शब्द उचलला. रोहतक, भिवानी, मेरठची पोरं. मराठीचा दुसरा शब्द माहीत नाही, पण मान डोलवून "हेच, भाई, हेच" म्हणतात. बाहेरचा कुणी पाहुणा आला की गोंधळून माझ्याकडे बघतो.

हा नियम तू सगळीकडे घेऊन फिरायचीस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन गृहस्थ एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात असताना तू मध्येच उठून एकाला म्हणालीस, "पहले इनकी बात आप बताइए." तो म्हणाला, "इनकी कोई बात है ही नहीं." तू खाली बसलीस आणि माझ्या कानाशी म्हणालीस, याला पहिल्या वर्षात घालायला पाहिजे. संक्रांतीला मी तिळगूळ हातावर ठेवून नेहमीचं वाक्य म्हणायचे, तर तू लाडू तोंडात टाकून दुरुस्ती करायचीस, "गोड नको, नीट बोला." यंदा संक्रांत सत्राच्या पहिल्या आठवड्यातच आली. मी लाडू केले आणि ऑफिसात वाटले. वाटताना कुणालाच काही बोलायला सांगितलं नाही.

आता आपला वाद.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. परीक्षा घ्या, चांगले बोलणारे निवडा, त्यांच्यावर मेहनत घ्या, बाकीच्यांना नमस्कार. तुझ्या क्लबात जो दारातून आत येईल तो सभासद. अडखळणारे, एकाच वाक्यात तीन वाक्यं सुरू करणारे, विषयाचं नाव विसरणारे, सगळे. बाहेरच्या स्पर्धांत आपली मुलं पहिल्या फेरीत परत यायची, कारण मिळालेल्या वेळातला अर्धा ती समोरच्याचं म्हणणं प्रेमाने समजावून सांगण्यात घालवायची. आपल्या ट्रॉफीच्या कपाटात शेवटी क्रिकेटवाल्यांनी पॅड ठेवायला सुरुवात केली. मी ते तुला दाखवलं तर तू म्हणालीस, "बरं झालं, कपाट भरलं."

गाडीत हा वाद निघाला की तू क्लबचा नियम लावायचीस. आधी माझं सांग, मग तुझं. मी प्रयत्न करायचे.

"तुझं म्हणणं, सगळ्यांना घ्यावं, कारण कुणाला नाही म्हणायचं तुझ्या जिवावर येतं."

"नाही."

"बरं. कारण दुबळ्यांनाही संधी मिळायला हवी."

"अजिबात नाही. मी काय आश्रम काढलाय?"

"मग तूच सांग ना काय ते."

"मी सांगितलं तर तू नुसतं ऐकशील. तुला सापडायला पाहिजे."

"नसीम, मी गाडी चालवतेय."

"चालव की. कोण अडवतंय?"

उलट तू मात्र माझं म्हणणं झटक्यात सांगायचीस. अनघाला निकाल हवा, कपाटात चकाकणारं काही तरी हवं, म्हणजे वरच्यांना दाखवता येईल. मी लगेच "हेच, हेच, चल पुढे" म्हणून टाकायचे. सिग्नल सुटलेला असायचा.

एरवी तू बोलायला लावणारी बाई, पण कधी गप्प बसायचं तेही तुला कळायचं. माझे वडील नाशिकला गेले आणि मी दिवस करून परत आले तेव्हा जी ती येऊन मला म्हणत होती, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नव्हतं आणि त्याचीच लाज वाटत होती. तू संध्याकाळी मेथीच्या जुड्या घेऊन आलीस, माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलंस आणि निवडायला बसलीस. मीही बसले. सगळी मेथी निवडून झाली तरी तू काही विचारलं नाहीस. जाताना फक्त म्हणालीस, देठं फेकू नको, सूपमध्ये घाल. तुला मिरजेला पोचवून आल्यावर मी मेथी आणली होती. एकटीने निवडायला फार वेळ लागतो.

हो, मिरजेपर्यंत आले होते मी. विमानतळावर तुझा भाऊ नुसता उभा होता, म्हणून कागदपत्रं मी केली. हातात काम असलं की मला बरं पडतं. इतर लोक तुझ्याबद्दल काय काय बोलत होते ते मी ऐकलं नाही. मी शवपेटीच्या वजनाच्या पावतीवर तुझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघत होते.

त्याआधी हॉस्पिटलमध्ये एक दुपार होती. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि तू डोळे उघडून एकदम म्हणालीस, "आता तू गाडी चालवत नाहीयेस. सांग माझं म्हणणं." मी म्हटलं, बोलू नकोस, धाप लागते. "मी कुठे बोलतेय? तू बोल. मी नुसतं हो किंवा नाही म्हणेन." मी म्हटलं आधी बरी हो, मग सांगते, आणि सिस्टरला बोलवायला उठले. सलाईन खरोखरच संपत आलं होतं. मी परत आले तेव्हा तुला झोप लागली होती. मग तसा मोका आला नाही. आणि खरं सांगू, आला असता तरी माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. तुझं म्हणणं मला तोवर सापडलंच नव्हतं.

सुट्टी संपल्यावर डीनसाहेबांनी बोलावलं. तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले, मनापासून बोलले, आणि मग म्हणाले, "अनघा जी, अब तो सिलेक्शन करने में कोई दिक्कत नहीं है ना?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दिक्कत म्हणजे तू होतीस. त्यांनी पुढचं सांगितलं. या सेमिस्टरपासून चाचणी घेऊन पंधराजणांचा संघ करायचा, बाकीच्यांना मोकळं करायचं. नाही जमलं तर पुढच्या सेमिस्टरला क्लब सांस्कृतिक समितीत विलीन, आणि खोली नृत्यवाल्यांना.

मी टेबलाशी येऊन सूचना टाईप केली. इतकी वर्षं जे मागत होते ते आयतं हातात आलं होतं, फक्त सही बाकी. म्हणजे मी जिंकले होते. पण जिंकल्यासारखं वाटेना, कारण समोर कुणी हरलेलं नव्हतं. ती जागा रिकामी होती.

सही न करता मी मनातल्या मनात पोरांची चाळणी लावून बघितली. सगळ्यात आधी जिचं नाव गळलं ती आपली प्रणाली. हिंगोलीची, दुसऱ्या वर्षाची. तिचं पहिलं सत्र तुला आठवत असेल. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं सुरू. आवाज चढा, वेग असा की टाइमपाससाठी बसलेलेही दचकायचे. आणि समोरच्याचं म्हणणं सांगायची पाळी आली की ते असं वाकडं करून सांगायची की तो हातच जोडायचा. संबंध सत्रात तिला एकही "हेच" मिळालं नाही. एकदा मेरठचा एक मुलगा काही तरी फारच गुंतागुंतीचं बोलून बसला आणि प्रणाली चिडून तुझ्यापाशी आली. मी मागे किल्ली घेऊन खोली बंद करायला उभी होते. ती म्हणाली, "मॅडम, त्यालाच धड बोलता येईना, तर मी काय करू?" तू डब्यातलं भडंग तिच्या हातावर ठेवलंस आणि म्हणालीस, "मग त्याच्यासाठी तू धड बोल." मला तेव्हा ते नेहमीचं मास्तरी वाक्य वाटलं. मला घरी जायची घाई होती.

तर पहिली बैठक. खोली गच्च भरली होती. तुझ्यासाठी आली असावीत. नवी पोरंही होती, ज्यांनी तुला पाहिलंही नव्हतं. साहिल यंदा क्लबचा सेक्रेटरी आहे. त्याने दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं, आपण होऊन. मग म्हणाला, मैमना काही सांगायचं आहे.

मला परिपत्रक लिहायची सवय आहे, बोलायची नाही. मी हिंदीत सुरू केलं, मध्येच इंग्रजीत गेले. आधी बजेट म्हणाले, मग डीनसाहेब म्हणाले, मग पुन्हा बजेटवर आले. संघ, चाचणी, पंधराजण, सांस्कृतिक समिती, सगळं उलटसुलट. कुणाला कमी लेखायचं नाही असं म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात कमी लेखलं. मग बोलता बोलता तुझं नाव आलं आणि मला पाणी प्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर आपण कुठे होतो तेच आठवेना. मी म्हटलं, बस, इतना ही.

एकदम कल्लोळ झाला. सगळे एकदम बोलत होते. साहिलने टेबलावर हात आपटला. "रूल, भाई, रूल. पहले मैम की बात कौन बताएगा?"

माझ्यावर तुझा नियम लागेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एकजण उठला. मैम म्हणतायत की कमजोरांना काढून टाका. मी म्हटलं, नाही. दुसरी म्हणाली, वरून दबाव आहे, मैमचा नाइलाज आहे. तेही होतं, पण हेच नव्हतं. मी पुन्हा नाही म्हटलं. मला वाटलं संपलं, आता हे खाली बसतील आणि मी सूचना लावून घरी जाईन.

तेव्हा प्रणाली उठली. मी मनात म्हटलं, झालं. पण ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, नसीम, तू बघायचीस तशी, मान जरा तिरकी करून. मग सावकाश म्हणाली, "मैम को ट्रॉफी नहीं चाहिए. लास्ट ईयर में हम सब मैम के ऑफिस जाते हैं कि मैम, क्लब का कोई सर्टिफिकेट मिल जाएगा? घर से लोन लेकर आए हैं, नौकरी चाहिए, बायोडेटा में एक लाइन चाहिए. और मैम के पास देने को कुछ नहीं होता. मैम को वो अच्छा नहीं लगता. जीतेंगे तो कम से कम कुछ लोगों के लिए वो साइन कर पाएँगी."

मी हे बोललेच नव्हते. त्या दिवशी नाही, आणि कधीच नाही. तुझ्यासमोरही नाही. मलाच ते असं सरळ ठाऊक नव्हतं. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ती रांग लागते, तीन-तीन वर्षं दर आठवड्याला तुझ्याकडे येऊन बसलेली पोरं कागद मागतात, आणि मी "रेकॉर्डमध्ये काही नाही बेटा" म्हणते. मग घरी जाताना गाडीत तुझ्याशी कपाटावरून भांडते.

माझ्या तोंडून आलं, "हेच." मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हटलं.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे फार बरं झालं. प्रणालीचा चेहरा मात्र बघायला हवा होतास. पहिलं "हेच" मिळाल्यावर पोरांचं जे होतं तेच, आधी विश्वास बसत नाही. मग तिला आठवलं की आता तिची पाळी आहे.

"मैम, सॉरी," ती म्हणाली, "पर आज आप बिल्कुल ठीक से नहीं बोलीं. टेस्ट होती तो आप फेल होतीं." हशा झाला. मीही हसले. ती हसली नाही. "और आप फेल होकर बाहर चली जातीं, तो आपकी बात हमें कभी पता ही नहीं चलती. बस, मेरा इतना ही है."

आणि ती बसली. चढा आवाज नाही, वेग नाही, पाच वाक्यंसुद्धा नाहीत. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. किल्ली माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी डीनसाहेबांकडे गेले. जुनी सूचना फाडली नव्हती, तिच्या पाठीवर नवं लिहिलं होतं, कागद वाया का घालवायचा. गेल्या गेल्या मी माझं सांगितलं नाही. म्हटलं, सर, आधी तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का बघते. विद्यापीठाला नाव हवं आहे, प्रवेशाच्या वेळी पालकांना दाखवायला काही तरी हवं आहे, आणि तुम्हाला वर उत्तर द्यावं लागतं, जे आम्हा लोकांना द्यावं लागत नाही. ते खुर्चीत पुढे आले. "एक्झॅक्टली," म्हणाले. त्यांना "हेच" येत नाही, चालवून घे. पण नंतर त्यांनी माझं जितकं ऐकलं तितकं इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. नियम डीनवरही चालतो, हे तुला सांगायला हवं म्हणून लिहितेय.

ठरलं ते असं. खोली सगळ्यांना उघडी, तुझ्या पद्धतीने. बाहेरच्या स्पर्धेला जाताना चाचणी, माझ्या पद्धतीने, कारण रेल्वेची तिकिटं मी काढते आणि सगळा क्लब बोगीत बसवता येत नाही. आणि वर्षभर नियमित आलेल्या प्रत्येकाला विभागाचं प्रमाणपत्र. त्याला डीनची सही लागत नाही, माझी पुरते. ते इतकी वर्षं मला सुचलं नाही, कारण मला नेमकं काय हवंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तूसुद्धा नाहीस, बरं का. तुझं ते चकाकणाऱ्या कपाटाचं सगळं चूक होतं, आणि मी सिग्नलच्या घाईत हेच-हेच म्हणत सुटले. म्हणजे या वादात आपण दोघीही नापास. साहेब म्हणाले, एक सेमिस्टर देख लेते हैं. एक तर एक.

काल सकाळी धुकं होतं. एक्सप्रेसवेवर सगळ्यांनी दिवे लुकलुकवत गाड्या हळू केल्या होत्या. मी एकटीच होते, म्हणून डावीकडची काच इथूनच खाली केली. पट्टी दिसत नाही इथून, पण ट्रकचा आवाज तरी येतो. आणि कुणी ऐकायला नाही हे बघून मी तुझं म्हणणं मोठ्याने सांगितलं. ते इथे पुन्हा सांगते.

तुझं म्हणणं असं की, जो चांगलं बोलतो त्याचं म्हणणं परत सांगायला अक्कल लागत नाही. ते त्याने तयार करूनच दिलेलं असतं. खरी मेहनत लागते ती ज्याला बोलता येत नाही त्याचं म्हणणं शोधायला. त्याच्या अडखळण्यातून, चुकीच्या शब्दांतून, मध्येच पाणी पिण्यातून. पंधरा चांगले निवडले तर ते एकमेकांना हरवायला शिकतील, पण हे कधीच शिकणार नाहीत, कारण ज्याच्यावर शिकायचं तो माणूसच दाराबाहेर असेल. म्हणून दार उघडं. दया नाही, संधी नाही, आश्रम तर नाहीच. चांगल्यांच्या शिकण्यासाठीच वाईट बोलणारे हवेत. आणि वाईट बोलणारा कोण, हे रोज बदलतं. त्या दिवशी मी होते.

हेच ना?

माझं उत्तर तयार आहे, नसीम. तुझ्या म्हणण्यात एक भोक आहे आणि ते मला आता स्पष्ट दिसतंय. हुशार पोरं किती दिवस कळ काढतील, कंटाळून निघून जातील त्यांचं काय, यावर तुझ्याकडे काही नाही. मी तुला यावर अर्धा तास सहज पकडून ठेवीन, थेट टोलनाक्यापर्यंत. पण नियम तुझा आहे. समोरून "हेच" आल्याशिवाय मला सुरू करता येत नाही.

उद्याही धुकं आहे म्हणतात. काच थोडी खाली ठेवीन. थंडी आत येईल. असू दे की.